हायड्रोजनचे ट्रक : खरेदीपूर्वीचा हिशेब

आपला माल कोणताही असो, कापडाचा ताका असो, चामड्याचे जोडे असोत की पितळी भांडी असोत, तो ट्रकवर चढल्याशिवाय त्याचे पैसे होत नाहीत. मालाच्या भावात गाडीभाडे असतेच आणि गाडीभाड्यात मोठा वाटा डिझेलचा असतो. म्हणून ट्रकचे इंधन बदलण्याची गोष्ट निघाली की ती केवळ ट्रकमालकांची गोष्ट राहत नाही. ती माल पाठविणाऱ्याची, माल घेणाऱ्याची आणि गॅरेजमध्ये पान्हा हातात घेऊन उभ्या असलेल्या मिस्त्रीचीही होते.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने हायड्रोजनवर चालणारे ट्रक व बस प्रायोगिक तत्त्वावर रस्त्यावर आणण्याचे पाच प्रकल्प मंजूर केले. त्यांच्या मार्गांत पुणे-मुंबई हा मार्ग आहे आणि अहमदाबाद-वडोदरा-सुरत हाही आहे. म्हणजे ज्या रस्त्यांवरून आपल्या गाठी जातात-येतात तेच हे रस्ते. तेव्हापासून बाजारात दोन प्रश्न ऐकू येतात. ट्रान्सपोर्टवाला विचारतो, आता डिझेलची नवी गाडी घ्यावी की थांबावे? आणि मिस्त्री विचारतो, आमचे गॅरेज बंद होणार काय?

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, इंजिनिअर नाही. पण यंत्र कोणतेही असो, त्याचा जमाखर्च मांडणे हे व्यापाऱ्याचे काम आहे. या लेखात तेच करण्याचा प्रयत्न आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ही गाडी खरी आहे, ती चालते, तिच्यात फसवणूक नाही. परंतु तिचा फायदा-तोटा यंत्रावर अवलंबून नसून दोन गोष्टींवर अवलंबून आहे: हायड्रोजनचा भाव काय, आणि नुकसान झाले तर ते कोणाच्या माथी येणार. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय लहान मालकाने आपली पुंजी यात घालू नये.

ही गाडी चालते कशी?

हायड्रोजनची गाडी म्हणजे मुळात विजेची गाडी. फरक एवढाच की विजेच्या साध्या गाडीत वीज बॅटरीत भरून आणावी लागते, तर या गाडीत ती चालता चालता तयार होते. वीज तयार करणाऱ्या पेटीला फ्युएल सेल म्हणजे इंधन घट म्हणतात.

या घटात एका बाजूने हायड्रोजन वायू येतो, दुसऱ्या बाजूने साधी हवा येते. मध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. पडद्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनम या मौल्यवान धातूचा बारीक थर असतो. प्लॅटिनमला स्पर्श होताच हायड्रोजनचे दोन भाग होतात, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. पडदा प्रोटॉनला आरपार जाऊ देतो, इलेक्ट्रॉनला अडवितो. अडलेले इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घालून पलीकडे जातात. हा वळसा म्हणजेच वीज, आणि याच विजेवर मोटर फिरते. पलीकडच्या बाजूला प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व हवेतील ऑक्सिजन एकत्र येतात आणि त्यांचे पाणी होते. म्हणून या गाडीच्या नळीतून धूर निघत नाही, पाण्याची वाफ निघते.

ही युक्ती नवी नाही. विल्यम ग्रोव्ह या वेल्समधील शास्त्रज्ञाने १८३९ च्या सुमारास असा घट करून दाखविला होता. ग्रोव्ह हे पेशाने वकील होते आणि पुढे न्यायाधीश झाले. अमेरिकेने चंद्रावर माणसे पाठविली त्या अपोलो यानांत वीज अशाच घटांतून मिळत असे आणि त्यातून निघालेले पाणी अंतराळवीर पीत असत. म्हणजे विद्या जुनी आहे. तेव्हा खर्चाचा प्रश्न नव्हता, कारण पैसा सरकारचा होता. ट्रकच्या धंद्यात पैसा मालकाचा असतो, म्हणून सर्व अडचण तेथे आहे.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवावा. हायड्रोजन घटात न घालता सरळ इंजिनात जाळूनही गाडी चालविता येते. ते इंजिन सीएनजीच्या इंजिनाच्या जातीचे असते. त्यात पिस्टन, वॉल्व्ह, गिअर सर्व काही असते. अशोक लेलँड व रिलायन्स यांनी असा ट्रक फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूर येथे दाखविला. "हायड्रोजनचा ट्रक" असे कोणी म्हटले तर पहिला प्रश्न हा विचारावा की घटाचा की इंजिनाचा? दोन्हींची किंमत वेगळी, दुरुस्ती वेगळी आणि इंधनाचा खपही वेगळा.

इंधनाचा खरा भाव

आता हिशेबाकडे येऊ. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट. म्हणजे एक किलो हायड्रोजन हा सव्वातीन लिटर डिझेलच्या बरोबरीचा झाला. शिवाय घट डिझेल इंजिनापेक्षा काटकसरीने काम करतो, म्हणून प्रत्यक्षात तो आणखी थोडा पुढे जातो. ऐकायला हे फार चांगले वाटते.

पण हायड्रोजन जमिनीतून विहिरीसारखा उपसून मिळत नाही. तो बनवावा लागतो. आज जगात बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना सुमारे ९ ते १० किलो कार्बन वायू हवेत जातो. असा हायड्रोजन भरला तर गाडीतून धूर निघणार नाही, पण कारखान्यातून निघेल. घाण गेली नाही, तिची फक्त जागा बदलली.

स्वच्छ मार्ग म्हणजे सूर्याच्या, वाऱ्याच्या किंवा धरणाच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणे. त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. यंत्रमागवाल्या बंधूंना युनिटचा भाव सांगण्याची गरज नाही. पाच रुपये युनिटची वीज धरली तरी एका किलोला सुमारे २७५ रुपये नुसते विजेचे झाले. यात यंत्रसामग्री, पाणी, मजुरी, दाबून भरण्याचा खर्च, वाहतूक आणि पंपवाल्याचा नफा यांतील काहीही नाही. २०२५ साली इंडियन ऑइलच्या पानिपत येथील कारखान्यासाठी हरित हायड्रोजनचा जो भाव निविदेतून निघाला तो किलोला सुमारे ३९७ रुपये होता. हा भाव कारखान्यातला. ट्रकच्या टाकीत भरेपर्यंत तो आणखी वाढणार.

आता समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. ह्युंदाई कंपनीचा घटाचा ट्रक ३२ किलोच्या आसपास हायड्रोजन घेऊन ४०० किलोमीटर जातो, असे कंपनी सांगते. तेवढेच अंतर आपला डिझेल ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर या मानाने ११४ लिटरमध्ये काटतो. डिझेल ९० रुपये धरले तर १०,२६० रुपये झाले. ही रक्कम ३२ ला भागली तर ३२० रुपये येतात. याचा अर्थ असा की पंपावर हायड्रोजन किलोला ३२० रुपयांना मिळाला तर इंधनाचा खर्च डिझेलच्या बरोबरीला येईल, त्यापेक्षा महाग मिळाला तर तोटा. कारखान्यातच ३९७ रुपये पडत असेल तर ३२ किलोचे १२,७०४ रुपये होतात. शिवाय गाडीची किंमत डिझेलच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. प्रत्येकाने आपल्या गाडीचा ॲव्हरेज आणि आपल्या गावचा डिझेलचा भाव घालून हा हिशेब स्वतः करून पाहावा. कागदाचा एक तुकडा पुरे.

दुसरी तुलना बॅटरीशी. १०० युनिट वीज बॅटरीच्या ट्रकला दिली तर चाकापर्यंत सुमारे ७५ पोचतात. तीच १०० युनिट पाणी फोडायला दिली, हायड्रोजन दाबून भरला, घटातून पुन्हा वीज केली आणि मोटर फिरविली, तर चाकापर्यंत सुमारे २५ पोचतात. प्रत्येक टप्प्यावर दलाल बसला आहे आणि प्रत्येक जण आपली दलाली कापून घेतो, असे समजा.

मग हायड्रोजनचे नाव कोणी का घ्यावे? कारण बॅटरीलाही तिची अडचण आहे. जड ट्रक लांब पल्ल्याला न्यायचा तर बॅटरीचे वजन काही टनांवर जाते, तेवढा माल कमी भरावा लागतो, आणि ती चार्ज करायला वेळ जातो. हायड्रोजन भरायला ८ ते २० मिनिटे लागतात, असे ह्युंदाई सांगते. जेथे गाडी रोज शेकडो किलोमीटर, तीही पूर्ण भाराने, आणि थांबायला सवड नाही अशी चालते, तेथे हायड्रोजनला जागा आहे. गावातल्या गावात, किंवा गोदाम ते कारखाना अशा फेऱ्यांना बॅटरीच स्वस्त पडते. बॅटऱ्याही दरवर्षी सुधारत आहेत, म्हणून हायड्रोजनची ही जागा कमी होत चालली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हायड्रोजनच्या टाकीचीही अडचण लहान नाही. हा वायू सर्वांत हलका. तो ३५० किंवा ७०० पट दाबाने भरावा लागतो. ३५० दाबाने ३२ किलो भरायला १,३०० लिटरहून अधिक जागा लागते. एवढा दाब सहन करणारी टाकी कार्बनच्या धाग्याने गुंडाळलेली असते आणि तिच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के एवढाच वायू तिच्यात बसतो. द्रवरूपात न्यायचा तर तो उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. जर्मनीच्या डाइमलर कंपनीच्या ट्रकने सप्टेंबर २०२३ मध्ये द्रव हायड्रोजन एकदाच भरून १,०४७ किलोमीटर अंतर काटले. म्हणजे होते सर्व काही, प्रश्न "केवढ्याला" हा आहे.

स्वित्झर्लंडचा धडा

हे ट्रक खऱ्या मालाच्या वाहतुकीत कसे चालले हे पाहायचे तर स्वित्झर्लंडकडे पाहावे. तेथे ऑक्टोबर २०२० मध्ये ह्युंदाईचे पहिले सात ट्रक ग्राहकांच्या हाती आले. जोडगाडीसह ३४ ते ३६ टनांचे हे ट्रक किराणा, दूध, भाजीपाला असा रोजचा माल नेऊ लागले. मिग्रोस व कोऑप ही तेथील मोठी किराणा दुकाने ग्राहक झाली.

हे जमले कसे? चार गोष्टी एकत्र आल्या. पहिली, हायड्रोजन कोठून येणार हे आधी ठरले. आरे नदीवरील ग्योसगेन येथील जलविद्युत केंद्राशेजारी पाणी फोडण्याचा कारखाना उभा राहिला. दुसरी, पंपवाले व माल पाठविणारे यांनी २०१८ मध्येच मिळून एक संघ केला होता. पंपवाला म्हणतो आधी गाड्या आणा, गाडीवाला म्हणतो आधी पंप आणा, हा नेहमीचा तंटा त्यांनी एका बैठकीत बसून मिटविला. तिसरी, त्या देशात जड ट्रकवर वजन आणि अंतर यांप्रमाणे मोठा कर आहे. दर टनाला दर किलोमीटरमागे दोन रॅपनहून जास्त. रॅपन म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग. ३६ टनांच्या डिझेल ट्रकला किलोमीटरला सुमारे ८० रॅपन करच द्यावा लागे. हायड्रोजनच्या ट्रकला तो माफ होता. महाग इंधनाची भरपाई या माफीने केली.

चौथी गोष्ट व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी. ग्राहकांनी ट्रक विकत घेतला नाही. किलोमीटरमागे ठरलेले भाडे द्यायचे. गाडी, हायड्रोजन, दुरुस्ती, विमा सर्व त्यात आले. गाडी बंद पडली किंवा घट खराब झाला तर ती काळजी गाडी देणाऱ्याची. आपल्या फिकहमध्ये ज्याला इजारा म्हणतात त्याच्या जवळची ही पद्धत आहे. वस्तू मालकाची, वापर भाडेकरूचा, आणि वस्तूच्या मालकीबरोबर येणारी जोखीमही मालकाची.

आता परिणाम पाहा. जून २०२४ पर्यंत या ट्रकांनी मिळून एक कोटी किलोमीटरचा पल्ला ओलांडला. म्हणजे यंत्र नापास झाले नाही. परंतु २०२५ पर्यंत १,६०० ट्रक आणण्याचे जाहीर झाले होते, आणि एक कोटी किलोमीटर झाले तेव्हा ट्रकांची संख्या होती ४८. एवढा फरक का पडला? २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर युरोपात विजेचे भाव भडकले. वीज महाग झाली की हायड्रोजन महाग होतो, कारण त्याचा कच्चा माल वीजच आहे. सूत महागले की कापड महागणार, त्यात विशेष काही नाही.

विचार करा, त्या वेळी हे ट्रक लहान मालकांनी कर्ज काढून विकत घेतले असते तर काय झाले असते? इंधन महाग म्हणून गाडी उभी, आणि हप्ता मात्र चालू. तेथे तसे झाले नाही, कारण जोखीम ज्याच्या खांद्याला पेलवते त्याच्याकडे होती.

हा मुद्दा आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दोन भागीदारांसह परदेशातून आलेले जुने एअरजेट माग घेतले होते. माग स्वस्त मिळाले म्हणून आम्ही खूश होतो. बाणा हवेच्या जोराने फेकणाऱ्या त्या मागांना कॉम्प्रेसर लागतो आणि कॉम्प्रेसरला वीज लागते, हे आम्हाला माहीत होते, पण त्या विजेचा मीटरमागे खर्च किती पडेल हे आम्ही मांडून पाहिले नव्हते. कापड उत्तम निघाले. आठ महिन्यांनी बिलांनी आमचे कंबरडे मोडले. मागाचा दोष नव्हता, विकणाऱ्याचाही नव्हता. यंत्राचा भाव पाहिला आणि यंत्राच्या खुराकाचा भाव पाहिला नाही, हा दोष आमचा होता. हायड्रोजनच्या ट्रकची गोष्ट नेमकी हीच आहे.

उतारावरून सोडलेला ट्रक

आता उलट बाजूचे उदाहरण. अमेरिकेत निकोला नावाची कंपनी होती. तिने डिसेंबर २०१६ मध्ये हायड्रोजनचा ट्रक म्हणून एक गाडी लोकांपुढे उभी केली. २०१८ मध्ये त्या गाडीची चित्रफीत प्रसिद्ध झाली. गाडी रस्त्यावरून झोकात धावताना दिसत होती. जून २०२० मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि काही दिवस तिची किंमत फोर्ड या जुन्या मोटार कंपनीहून जास्त झाली. तोपर्यंत कंपनीने एकही ट्रक विकला नव्हता.

सप्टेंबर २०२० मध्ये एका संस्थेने उघड केले की चित्रफितीतला ट्रक स्वतःच्या जोरावर चालत नव्हता. तो उतारावर नेऊन सोडून दिला होता. तो आपल्या बळावर चालत होता असे आम्ही कधी म्हटलेच नव्हते, असा खुलासा मग कंपनीने केला. संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. पण कंपनीने त्याच्या आदल्या महिन्यातच दिवाळे काढले होते. मध्यंतरी तिने खरे ट्रक बनविले आणि विकलेही. तरी ती टिकली नाही. बचतीचे पैसे शेअरमध्ये घातलेल्या सामान्य माणसांना माफीने काही परत मिळाले नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळून जात असता त्यांनी ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही घटना आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ओला भाग वर ठेवावा म्हणजे घेणाऱ्याला दिसेल, अशी शिकवण त्यांनी त्या व्यापाऱ्याला दिली. माल नवा असो, विलायती असो, त्याचे नाव कितीही मोठे असो, ढिगात हात घालून पाहणे हे घेणाऱ्याचे काम आहे आणि ओले धान्य वर ठेवणे हे विकणाऱ्याचे. उद्या कोणी हायड्रोजनच्या पंपाची एजन्सी, गाडीचे बुकिंग किंवा कंपनीची भागीदारी घेऊन आपल्या दारी आला, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. गाडी भरलेल्या मालासह चढावर चालवून दाखवाल काय? हायड्रोजन कोणत्या कारखान्यातून येणार आणि त्याचा लेखी भाव काय? गाडी बंद राहिली तर माझे भाडे कोण भरून देणार? उत्तरे टाळली गेली तर समजावे की धान्य ओले आहे.

आपल्या देशात काय चालले आहे?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन बनविण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. यातील मोठा उपयोग खत व तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत व्हावयाचा आहे. वाहने हा त्याचा एक भाग.

मार्च २०२५ च्या पाच प्रकल्पांत एकूण ३७ वाहने आहेत. त्यांपैकी १५ घटाची आणि २२ इंजिनाची. दहा मार्ग आणि नऊ पंप. सरकारची मदत सुमारे २०८ कोटी रुपये. ४ मार्च २०२५ रोजी टाटा मोटर्सच्या १६ ट्रकांच्या चाचण्यांना दिल्लीत सुरुवात करून देण्यात आली, त्यांत घटाचे व इंजिनाचे असे दोन्ही प्रकारचे ट्रक आहेत. चाचणीची मुदत दोन वर्षांपर्यंतची ठरली.

आपल्या पुण्याचे नावही यात आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याची केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने मिळून तयार केलेली घटावर चालणारी देशी बस पुण्यातच लोकांपुढे आली. आपल्या मुलांनी शास्त्र शिकावे असे वाटत असेल तर काम घराजवळच चालले आहे, हे त्यांना सांगावे.

पण आकड्यांकडे नीट पाहा. साऱ्या देशाच्या चाचणीत ३७ वाहने. आपल्याकडे एखाद्या मध्यम ट्रान्सपोर्ट कंपनीकडे याहून जास्त गाड्या असतात. याचा अर्थ योजना वाईट आहे असा नाही. याचा अर्थ हा चाचणीचा काळ आहे, खरेदीचा नव्हे. चाचणीचा खर्च सरकारने आणि मोठ्या कंपन्यांनी सोसावा, तेच योग्य आहे.

कारीगर बंधूंसाठी

आता मिस्त्रीच्या प्रश्नाकडे वळू. गॅरेज बंद होणार काय? उद्या नाही, आणि पूर्णपणे तर मुळीच नाही. घटाच्या ट्रकमध्ये डिझेल पंप, नोझल, टर्बो, इंजिन ऑइल ही कामे राहत नाहीत. पण एक्सल, ब्रेक, पाटे, टायर, केबिन, बॉडी, ताडपत्री ही कामे तशीच राहतात. आणि नवी कामे येतात. रेडिएटर मोठा लागतो, कारण घटाची उष्णता सायलेन्सरवाटे निघून जात नाही, ती पाण्यावाटे काढावी लागते. हवेची जाळी अधिक नाजूक लागते, कारण धूळ व घाणेरडा वायू घटात गेला तर प्लॅटिनम खराब होते. काहीशे व्होल्टची वायरिंग येते. वायू गळतो काय हे पाहण्याची यंत्रे येतात.

सर्वांत नाजूक काम उच्च दाबाच्या नळ्या व जोडांचे. याचे एक उदाहरण प्रत्येक उस्तादाने आपल्या शागिर्दाला सांगावे. १० जून २०१९ रोजी नॉर्वे देशात ओस्लोजवळ सांडविका येथे हायड्रोजनच्या पंपावर स्फोट झाला. जवळून जाणाऱ्या मोटारीतील सुरक्षा पिशव्या त्या धक्क्याने फुगल्या आणि दोन माणसांना किरकोळ दुखापत झाली. चौकशीत कारण काय निघाले? शास्त्र चुकले नव्हते, टाकीही कच्ची नव्हती. टाकीच्या एका बुचाची जोडणी नीट झाली नव्हती. बोल्ट हवे तेवढे आवळलेले नव्हते. त्यामुळे वायू झिरपला आणि पेटला. साऱ्या जगात या धंद्याची अब्रू त्या दिवशी खाली आली, ती आवळणीच्या एका चुकीने.

हायड्रोजन अतिशय हलका असल्याने मोकळ्या जागी तो झटकन वर निघून जातो, हा त्याचा गुण. पण हवेत तो ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तर पेटू शकतो, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, हे त्याचे दोष. म्हणून पत्र्याच्या बंद शेडमध्ये, शेजारी वेल्डिंग चालू असताना ही गाडी उघडणे म्हणजे जिवाशी खेळ. येथे अंदाजाने काम चालत नाही. "हाताला कळते" हे डिझेलच्या कामात खपून गेले, येथे मोजून आवळणारा पान्हाच पाहिजे आणि प्रत्येक जोडाची नोंद वहीत पाहिजे. मापात कमी करणाऱ्यांना ताकीद देणारी सूरह आपण वाचतो. आवळणीत कमी करणे हेही मापात कमी करण्यासारखेच आहे, आणि येथे त्याची किंमत जिवाने द्यावी लागते.

मग आज काय शिकावे? सरळ हायड्रोजनच्या मागे धावू नये, कारण त्या गाड्याच अजून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. दोन पायऱ्या आज मिळणाऱ्या आहेत. पहिली सीएनजीची. उच्च दाबाच्या टाक्या, नळ्या, जोड, त्यांची ठराविक मुदतीची तपासणी हे सर्व तेथे शिकायला मिळते, आणि हायड्रोजनच्या इंजिनाच्या गाडीत हेच हुनर उपयोगी पडते. या टाक्यांचे नियम पाहणाऱ्या पेसो या सरकारी संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. दुसरी पायरी विजेच्या गाडीची. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम सुरू झालेला आहे. घटाची गाडी ही विजेचीच गाडी असल्याने मोटर, कंट्रोलर, बॅटरी यांचे ज्ञान तेथे जसेच्या तसे चालते. बॅटरी जिंकली तरी हे शिक्षण वाया जात नाही, हायड्रोजन जिंकला तरी जात नाही. गॅरेजमधल्या प्रत्येक उस्तादाने एका तरी मुलाला या दोनपैकी एका मार्गाला लावावे. हाताची विद्या उस्तादाची आणि कागदाची विद्या शाळेची, दोन्ही एका मुलात आल्या तर गॅरेज बंद पडणार नाही, उलट मोठे होईल, इन्शाअल्लाह.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. हायड्रोजनचा ट्रक खरा आहे; तो चालतो हे स्वित्झर्लंडमध्ये एक कोटी किलोमीटरने सिद्ध झाले. पण तो परवडतो हे अजून सिद्ध व्हावयाचे आहे.

२. ज्याला आज गाडीची गरज आहे त्याने हायड्रोजनसाठी थांबू नये. आपला पल्ला, आपला भार व आपले भाडे पाहून जी गाडी परवडेल ती घ्यावी. गावातल्या फेऱ्यांसाठी बॅटरीच्या गाडीचा हिशेब मात्र आजच मांडून पाहावा.

३. हायड्रोजनची गाडी कोणी देऊ केली तर विकत न घेता किलोमीटरच्या भाड्याने मागावी, इंधन व दुरुस्ती त्यात धरून. देणारा तयार नसेल तर त्याचाच आपल्या गाडीवर भरवसा नाही, असे समजावे.

४. आपला आकडा काढून ठेवावा: आपल्या गाडीला ४०० किलोमीटरला लागणारे डिझेल, त्याचे रुपये आणि ३२ ने भागाकार. पंपावरचा हायड्रोजन त्या आकड्याच्या खाली आला, तर त्या दिवशी पुन्हा विचार करावा.

५. बुकिंग, एजन्सी, शेअर यांच्या नावाखाली आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून सावध राहावे.

नव्या गोष्टीला भिणे आणि नव्या गोष्टीवर भाळणे, या दोन्ही चुका आपल्या समाजाने पूर्वी केल्या आहेत आणि दोन्हींची किंमतही दिली आहे. मधला मार्ग हिशेबाचा आहे. तो वहीतून जातो आणि शाळेतून जातो. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या हातून होणाऱ्या कामात सच्चाई देवो. आमीन.